दूध पिता पिता दमणारं बाळ

गेल्या महिन्यात या सदरात मी जन्मजात हृदयदोषांवर दोन परिच्छेद लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक शब्द पुन्हापुन्हा होता, ‘हार्ट फेल’. कुणी फाइलवर वाचलेला, कुणी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला, आणि वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याने रात्रभर जागं ठेवलेलं. मी सोलापुरात गेली एकवीस वर्षं लहान मुलांची हृदयं तपासते. हा शब्द मला दिवसातून तीन-चारदा उच्चारावा लागतो आणि समोरच्या आईचा चेहरा कसा पडतो ते मी रोज बघते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावरची पाच पत्रं घेतली आहेत.

मंगळवेढा तालुक्यातून एक आजी लिहितात: “डॉक्टरबाई, माझी नात अडीच महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम भरली होती, आज ३ किलो ४०० आहे. दोन मिनिटं पिते, सोडून देते, धापा टाकते, पुन्हा रडते. आम्हाला वाटलं डबा झालाय. सोलापूरला नेलं तर म्हणाले हृदयाला मोठं छिद्र आहे आणि हार्ट फेल्युअर आहे. हार्ट फेल झालेलं लेकरू जगतं कसं? जन्मली तेव्हा तर सगळं नीट होतं म्हणून सांगितलेलं. आता एक जण म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात वजन वाढू द्या. शेजारच्या मुलाचं छिद्र तर आपोआप बुजलं. आम्ही काय करावं?”

आजी, आधी त्या शब्दाची भीती घालवू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. अंगाला जेवढं रक्त लागतं तेवढं पोचवताना हृदयाची दमछाक होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत नापास होण्यासारखा हा शब्द नाही. तुमच्या नातीचं हृदय खरं तर नको तितकं राबतं आहे. डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असल्यामुळे अंगाकडे जायचं रक्त वाट सोडून पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसं भरून येतात, म्हणून धाप. हृदय तेच तेच रक्त दोनदा ढकलतं, म्हणून दमणं.

जन्मली तेव्हा सगळं नीट होतं हेही खोटं नव्हे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं मिटलेली असतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या जाड आणि आवळलेल्या असतात. जन्मानंतर त्या हळूहळू सैल होतात, त्याला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर फुप्फुसाकडचा दाब चढा असल्याने भोक मोठं असूनही त्यातून फारसं रक्त जात नाही. स्टेथोस्कोपमध्ये आवाजही येत नाही. बारशाला गोंडस दिसलेलं बाळ सव्वा महिन्यानंतर धापा टाकू लागतं ते यामुळे. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना यात दोष देऊ नका.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ: “दोन मिनिटं पिते, सोडून देते.” मोठ्या माणसाचं हृदय दमलं की जिना चढताना कळतं. तान्ह्या बाळाला जिना नाही. दूध ओढणं हीच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मेहनत. म्हणून माझ्याकडे बाळ आलं की मी स्टेथोस्कोप लावायच्या आधी आईला तिथेच पाजायला बसवते आणि बघत राहते. निरोगी बाळ पंधरा-वीस मिनिटांत पोटभर पिऊन झोपतं. दमणारं बाळ चार घोट घेतं, थांबतं, नाकपुड्या फुलवतं, पुन्हा चार घोट. कपाळावर दव पडल्यासारखा घाम. पाजून झालं की मी आईच्या कोपराच्या खळीत हात लावते, जिथे बाळाचं डोकं टेकलेलं असतं. पंखा चालू असताना, डिसेंबरातसुद्धा, ती जागा ओली लागली की इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायच्या आधीच माझा अंदाज झालेला असतो. पायांवर सूज शोधू नका, तान्ह्या बाळांत ती क्वचितच दिसते.

श्वास घरीही मोजता येतो. बाळ झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच कमी-जास्त असतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तुम्ही ज्याला डबा म्हणता, पोट उडणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, ते न्यूमोनियात होतं तसं यातही होतं. दोन्हींत फसायला होतं. शिकत असताना मी स्वतः एका बाळाला दोन वेळा न्यूमोनियाची इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं होतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा एका ज्येष्ठ परिचारिकेने मला विचारलं, “याला एकदाही ताप का नाही?” तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. आणि कुणी बिब्ब्याचे चटके द्यायला सांगितलं तर दारातूनच परत पाठवा. कातडी भाजते, फुप्फुस कोरडं होत नाही.

शेजारच्या मुलाचं छिद्र बुजलं, कारण ते लहान होतं. लहान छिद्रं, विशेषतः पडद्याच्या मांसल भागातली, पुष्कळदा आपोआप बुजतात. गंमत अशी की लहान छिद्राचा आवाज मोठा येतो. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फसफसून उडतं, तसं. त्यामुळे आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठं असं नाही. छिद्र मोठं असल्याची खूण म्हणजे दम लागणं आणि वजन न वाढणं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं. या हिशेबाने तुमची नात आज पावणेपाच किलोच्या आसपास हवी होती.

आणि इथेच “वजन वाढू द्या” हा सल्ला उलटा पडतो. वजन कमी आहे म्हणून छिद्र बुजायचं थांबलेलं नाही, छिद्र आहे म्हणून वजन वाढायचं थांबलं आहे. बाळ जेवढं पितं तेवढं श्वास घेण्यातच जळतं. औषधं आणि जास्त ताकदीचं दूध यांनी काही आठवडे धीर धरता येतो, थोडं वजन वाढलं तर चांगलंच. पण महिना-दीड महिना औषधं देऊनही काटा हलत नसेल तर थांबण्यात बाळाचं नुकसानच आहे. मोठ्या छिद्राचं ऑपरेशन सहसा तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. तीन-साडेतीन किलोच्या बाळांची ऑपरेशनं अनुभवी केंद्रांत रोज होतात.

थांबण्यातला मोठा धोका वेगळाच आहे आणि तो फसवा आहे. फुप्फुसात महिनोन् महिने जोराने रक्त जात राहिलं की तिथल्या रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. मग त्या रक्ताला वाट देत नाहीत. त्यामुळे धाप कमी होते. न्यूमोनिया थांबतो. मूल अंग धरतं. घरच्यांना वाटतं, देव पावला. माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी अशीच आली होती. तान्ही असताना कुणीतरी वजनासाठी थांबायला सांगितलं होतं, दीड वर्षाची झाली तेव्हा “आपोआप बरी झाली” म्हणून तपासणी सोडून दिली. शाळेत धावताना ओठ निळे पडतात म्हणून आणली. तिच्या फुप्फुसातल्या वाहिन्या इतक्या कडक झाल्या होत्या की छिद्र बुजवणं जिवावर बेतलं असतं. दीड वर्षाच्या आत आली असती तर आज ती माझ्या फाइलमध्ये नसती. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, औषध न बदलता, ऑपरेशन न होता धाप एकाएकी कमी झाली तर पेढे वाटू नका, इको करा.

अशा ऑपरेशनची पहिली वाट फार कठीण होती. २६ मार्च १९५४ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस इथे वॉल्टन लिलेहाय या सर्जननी वर्षभराच्या एका मुलाचं असंच छिद्र बुजवलं. तेव्हा हार्ट-लंग मशीन रुळलेलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी वडिलांच्या शरीराला जोडल्या आणि ऑपरेशन चालू असताना वडिलांच्या हृदया-फुप्फुसांनी लेकाला जगवलं. छिद्र बुजलं, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने मूल गेलं. त्या बापाचा विचार माझ्या मनात बरेचदा येतो. आज मशीन ते काम करतं आणि बहुतेक बाळं आठ-दहा दिवसांत घरी जातात.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला ठाऊक आहे ते मनात असणार. गावच्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आजच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली. त्यांचं तपासणी पथक अंगणवाडीत येतं आणि जिल्हा रुग्णालयामार्फत अशा बाळांची शस्त्रक्रिया मोफत करून देतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयाची ऑपरेशनं आहेत. रेशन कार्ड आणि आधार, दोन्हींच्या झेरॉक्स पिशवीत ठेवूनच निघा.

तोवर दर दोन तासांनी थोडं थोडं पाजा. सुनेचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजलं तरी चालेल, ओढण्याची मेहनत वाचते. जास्त ताकदीचं दूध कसं करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. वरचं पाणी, गुटी, ग्राइप वॉटर काही नको. पोटात जागा थोडी आहे, ती दुधालाच द्या.

नाशिकहून एक वडील विचारतात: “मुलगा चार महिन्यांचा, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तीन औषधं चालू आहेत: फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल, डिजॉक्सिन. मेडिकलवाला म्हणाला, एनालाप्रिल तर बीपीची गोळी, बाळाला कशी काय? आता तो बराच बरा दिसतो, औषधं कमी करू का? लसी द्यायच्या का?”

औषधं कमी करू नका. तो बरा दिसतो तो औषधांमुळेच.

फ्युरोसेमाइड हे लघवीचं औषध. फुप्फुसात साठलेलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढतं, श्वास हलका होतो. एनालाप्रिल बीपीसाठी देतात हे खरं, पण तुमच्या बाळाचं बीपी वाढलेलं नाही. ते औषध अंगातल्या रक्तवाहिन्या सैल करतं. अंगाकडची वाट सोपी झाली की रक्त छिद्रातून फुप्फुसाकडे कमी वळतं. आमच्या गच्चीवरच्या टाकीला दोन नळ आहेत, एकाची तोटी मोकळी केली की दुसऱ्याची धार बारीक होते. तेच इथे.

डिजॉक्सिनबद्दल मात्र जास्त लिहिते, कारण तिथेच चुका होतात. हे डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाचं औषध. अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना त्याची पानं कशी द्यायची हे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली लिहून ठेवलं, आणि किती दिली की विष होतात तेही. आपल्याकडच्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, त्यात याच घराण्यातलं विष असतं. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार कमी आहे. ०.३ मिलीच्या जागी ३ मिली दिलं गेलेलं बाळ मी आयसीयूत सांभाळलं आहे. चूक कुणाची होती? चिठ्ठीवरचा दशांश टिंब पुसट होता आणि त्या रात्री औषध आजोबांनी दिलं, चष्मा न लावता.

म्हणून असं करा. चमचा वापरूच नका. बिनसुईची १ मिलीची सिरिंज घ्या आणि जेवढं द्यायचं त्या रेषेवर नेलपॉलिशची खूण करा. प्रत्येक औषधाची सिरिंज वेगळी, खुणेचा रंग वेगळा. गोळी पाण्यात विरघळवून त्यातलं ठरावीक मिली द्यायला सांगितलं असेल तर ते पाणी रोज ताजं करा, देण्याआधी हलवा, उरलेलं टाकून द्या. औषध घरातल्या एकाच माणसाने द्यावं आणि दिल्यावर कॅलेंडरवर टिक करावी. बाळाने डिजॉक्सिन ओकलं तर तो डोस पुन्हा देऊ नका. विसरला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. दूध नको म्हणणं, वारंवार ओकणं, एकदम मलूल होणं किंवा नाडी मंदावणं यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा.

जुलाब-उलट्या लागल्या तरी त्याच दिवशी फोन करा. लघवीचं औषध आणि एनालाप्रिल चालू असताना अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडावर ताण येतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनावर बेतून. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने दुसरं काही नको.

लसी सगळ्या द्या, वेळेवर द्या. घरात कुणाला सर्दी असेल तर त्याने बाळाला उचलू नये, मग ती सख्खी आत्या का असेना. ऑपरेशनच्या आठवड्यात सर्दी झाली तर तारीख पुढे जाते.

नागपूरहून एक आई: “तीन महिन्यांच्या मुलाला झटके आले म्हणून ॲडमिट केलं. कॅल्शियम फार कमी निघालं आणि इकोत हृदय मोठं, पंपिंग कमी. हे आयुष्यभराचं आहे का?”

ताई, तुमचं पत्र वाचून मी मनातल्या मनात हुश्श केलं. हृदय निकामी होण्याच्या कारणांत हे सगळ्यात दयाळू कारण. हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. ते फार खाली गेलं की स्नायू ढिला पडतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून काढलं की बहुतेक बाळांचं हृदय काही आठवड्यांत ते महिन्यांत पूर्वपदावर येतं. इको नॉर्मल येईपर्यंत हृदयाची औषधं बंद करू नका.

मूळ कारण बहुतेक वेळा आईच्या अंगातच ड जीवनसत्त्व नसणं हे असतं. तुमचीही तपासणी करून घ्या. आईचं दूध सगळ्या बाबतींत उत्तम, पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं आणि बाळंतिणीची खोली आपण दारं-खिडक्या लावून अंधारी ठेवतो. म्हणून प्रत्येक बाळाला जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे असतात. हे थेंब “टॉनिक आहे, नसलं तरी चालतं” म्हणून सोडले जातात.

बीड जिल्ह्यातून जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका: “माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलगी. गेल्या वर्षी आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट सुजलं होतं. आता प्रार्थनेला उभी राहिली तरी दम लागतो, रात्री उशाला दोन गोधड्या घेऊन झोपते. आई-वडील ऊसतोडीला जातात. वाताचा ताप, झडप खराब, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन असं सांगितलंय. फडावर गेले की इंजेक्शन बंद. आई म्हणते, सांधे तर बरे झाले, आता कशाला?”

बाई, तुम्ही उशाच्या दोन गोधड्या पाहिल्यात. आडवं झोपल्यावर दम लागणं ही हृदय दमल्याची पक्की खूण आहे, आणि ती डॉक्टरांना सांगणारं घरी सहसा कुणी नसतं.

या आजाराची सुरुवात घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा येतो, चार दिवसांत जातो. त्या जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. पाच ते पंधरा हे त्याचं वय. सांधा सुजतो, तो उतरतो आणि दुसरा धरतो, तुम्ही लिहिलंय तसंच. सांधे मागे काही न ठेवता बरे होतात. झडप होत नाही. डावीकडची मायट्रल झडप नीट मिटेनाशी होते, रक्त मागे गळतं, फुप्फुसात पाणी साठतं.

तिच्या आईला हे असं सांगून बघा: इंजेक्शन सांध्यांसाठी नाही, झालेल्या आजारासाठीही नाही. ते पुढच्या घसादुखीसाठी आहे. प्रत्येक नवा हल्ला झडपेचा आणखी एक तुकडा घेऊन जातो. बेंझाथिन पेनिसिलिनचा असर तीन आठवडे टिकतो, म्हणून एकवीस दिवस. तेविसाव्या दिवशी दार उघडं असतं. झडप खराब झालेल्या मुलांना हे वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, मोठं झाल्यावरही. ते दुखतं, खूप दुखतं, हे कबूल करा तिच्याजवळ. आमच्याकडे येणाऱ्या मुली दिवस मोजतात आणि विसाव्या दिवशी जेवत नाहीत.

फडावरच्या कोप्यांत एका छपराखाली सहा-सात माणसं झोपतात, आणि हा जंतू दाटीतच पसरतो. म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो नेमक्या त्याच महिन्यांत इंजेक्शन चुकतं. उपाय सांगते, माझ्या काही मुलांवर चाललेला. मजूर निघायच्या आधी तुमच्याकडच्या डॉक्टरांकडून एका पुठ्ठ्यावर आजाराचं नाव, इंजेक्शनचं नाव, मात्रा, आणि आजवर त्रास न होता दिलेल्या इंजेक्शनांच्या तारखा लिहून सही-शिक्का घ्या. त्याखाली पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा एकवीस-एकवीस दिवसांनी मांडून ठेवा. पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घालून मुलीच्या दप्तरात, आईच्या पेटीत नव्हे. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रिॲक्शनच्या भीतीने कधी कधी नकार देतात. आधीच्या तारखा पाहिल्या की धीर येतो. त्याहून चांगलं म्हणजे मुलगी आजीजवळ गावातच राहणं, तुमच्या नजरेसमोर.

आत्ता मात्र तिला दम लागतो आहे, म्हणजे इंजेक्शनवर भागणार नाही. लघवीचं औषध, विश्रांती, नवीन इको, आणि गरज पडली तर झडपेची दुरुस्ती. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या पथकाला तिचं नाव आजच द्या. छातीवर व्रण राहील, मग लग्नाचं काय, असं घरचे म्हणतील. म्हणतातच. त्यांना सांगा की गळकी झडप घेऊन बाळंतपण करणं त्या व्रणाहून शंभरपट अवघड आहे. आणि तिला वर्गात खिडकीजवळ बसवा, प्रार्थनेला बसून राहू द्या, पण शाळेतून नाव काढू देऊ नका.

चिपळूणहून एक वडील: “मुलगा अकरा वर्षांचा, क्रिकेट खेळणारा. सर्दी-ताप झाला, आठवड्याने पोटात दुखू लागलं, उलट्या. ॲसिडिटी म्हणून औषध, मग सलाईन. सलाईननंतर धाप वाढली. मुंबईला नेलं तेव्हा पंपिंग २० टक्के. मायोकार्डायटिस म्हणाले. दोन महिन्यांनी आता ३० टक्के आहे. म्हणजे ७० टक्के हृदय मेलं का? ट्रान्सप्लांट करावं लागेल का? मी चार दिवस आधी नेलं असतं तर?”

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा. विषाणूने हृदयाच्या स्नायूला आलेली ही सूज पहिल्या दिवसांत भलेभले डॉक्टर ओळखू शकत नाहीत. मोठ्या मुलांत हृदय दमलं की पुष्कळदा छातीत नाही, पोटात दुखतं. यकृत रक्ताने तटतटून फुगतं, आतड्यांना रक्त कमी पडतं, म्हणून उलट्या. आई-बापांनी पोटाचंच औषध आणावं असाच हा आजार वागतो. तुम्ही लक्षण पाहिलं आणि नेलंत. तो जिवंत आहे.

इतर पालकांसाठी एवढंच: सर्दी-तापानंतर पोटदुखी-उलट्या, त्यात हातपाय गार, ताप नसतानाही नाडी पळते आहे आणि मूल जिना चढून आल्यासारखं दमतं आहे, तर छातीचा फोटो, ईसीजी, इको मागून घ्या. सलाईनने तरतरी येण्याऐवजी धाप वाढली तर तिथल्या तिथे डॉक्टरांना हाक मारा.

आता ३० टक्के. हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचू नका. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आपल्यात भरलेलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं, बाकी आतच राहतं. १०० कुणाचंच नसतं. म्हणजे त्याला ३० वरून ५५ पर्यंत जायचं आहे, आणि २० वरून ३० ला तो दोन महिन्यांत आला आहे. अनेक मुलं सहा महिने, वर्षभरात पूर्ण सावरतात. काहींचं हृदय मोठं आणि ढिलं राहतं, औषधांवर वर्षानुवर्षं चालतं. थोड्यांचं औषधांनाही दाद देत नाही. तुमचा मुलगा कुठल्या वाटेने जाईल हे आज कुणीच सांगू शकत नाही आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका. क्रिकेट मात्र पूर्ण बंद, निदान सहा महिने आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत. सुजलेला स्नायू धावपळीत ठोके चुकवतो, तो धोका पंपिंग सुधारल्यावरही काही काळ राहतो. त्याला स्कोअर लिहायला बसवा. माझ्या एका पेशंटने संपूर्ण मोसम असा काढला.

प्रत्यारोपण शेवटच्या वाटेवरच्यांसाठी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदय प्रत्यारोपण केलं, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत. रोगी काही तासच जगला. प्रत्यारोपणासाठी हृदय मेंदू मृत झालेल्या माणसाकडून मिळतं, पण मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता मिळायला आपल्याकडे १९९४ साल उजाडलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या अवयव प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षा यादी चालवतात. मुलांची अडचण अशी की हृदय मापाचं लागतं. म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचं. त्या घरात त्या रात्री कुणीतरी हो म्हणावं लागतं. मिळालं तरी गोळ्या आयुष्यभर आणि ते हृदयही जन्मभर पुरेल असं नाही. तुमचा मुलगा आज सुधारतो आहे, त्याला त्या यादीची गरज नाही.

एक काम मात्र या महिन्यात करा. तुम्ही लिहिलंय की धाकटी आठ वर्षांची आहे. कधी कधी जे मायोकार्डायटिस वाटतं ते घराण्यातून आलेलं स्नायूचं दुखणं निघतं, आणि तापाने ते फक्त उघडं पडलेलं असतं. धाकटीचा, तुमचा आणि तिच्या आईचा, तिघांचा इको करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, सुईसुद्धा टोचत नाहीत. रिपोर्ट आले की मला कळवा.